एंजिन मळवताना

साठी उलटल्यावर माणसाला एखादा नाद असावा असे म्हणतात. आमच्या सावेडीत कुणी गुलाबाची कलमे करतो, कुणी पारायणाला बसतो, कुणी सकाळी फिरायला जाऊन जगाची चिंता करून परत येतो. मी घराच्या मागच्या खोलीत बसून एंजिने मळवतो.

एंजिने म्हणजे आगगाडीच्या डिझेल एंजिनांच्या वीतभर प्रतिकृती. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. १९९८ साली ते लोकांसाठी उघडले. तिथे नातवाला घेऊन गेलो होतो. नातू अर्ध्या तासात कंटाळला, मी मात्र तिथेच अडकलो. घरी आलो तो हा रोग घेऊनच.

आपल्याकडच्या एंजिनाची हवी तशी प्रतिकृती सहज मिळत नाही. परदेशी एंजिन आणावे, ते कापावे, जोडावे, रंगवावे, तेव्हा कुठे ते देशी होते. मला हवे होते ते ‘डब्ल्यूडीएम-टू’. ब्रॉडगेजवरचे, डिझेलवर चालणारे, प्रवासी आणि माल दोन्ही ओढणारे, असा त्या अक्षरांचा अर्थ. मूळ बनावट अमेरिकेच्या अल्को कंपनीची. पहिली एंजिने १९६२ साली तिकडूनच आली आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात तयार होऊ लागली. सोळा सिलिंडर आणि २,६०० अश्वशक्ती. माझे वडील हे एंजिन दौंड-मनमाड मार्गावर चालवीत. कोळशाच्या एंजिनावर फायरमन म्हणून लागले आणि डिझेलवर ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले.

अल्कोच्याच एका अमेरिकन एंजिनाची जुनी प्रतिकृती मिळवली. तिचा रंग स्पिरिटमध्ये बुडवून ब्रशाने खरवडला. रेडिएटरची जाळी चहाच्या गाळणीतून कापली. कठडे तांब्याच्या तारेचे केले. अमेरिकन एंजिनाला पुढे बफर नसतात, आपल्याला ते हवेत. आईच्या शिवणाच्या डब्यातली टिचबटणे त्या जागी अशी चपखल बसली, की ती कंपनीने त्यासाठीच केली असावीत.

हे माप सत्त्याऐंशीपट लहान. खऱ्या एंजिनाचे १,०९२ मिलिमीटर व्यासाचे चाक इथे साडेबारा मिलिमीटरांचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे होते. पण एक लबाडी राहते. या मापाचे तयार रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंद असतात, कारण ते परदेशातल्या १,४३५ मिलिमीटरांच्या रुळांवरून बेतलेले. आपली ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरांची, म्हणजे हवेत सव्वाएकोणीस. माझे एंजिन पावणेतीन मिलिमीटरांचे खोटे बोलत उभे राहते. पाहणाऱ्याला ते कळत नाही, मला रात्री आठवते.

काळपट तांबडा रंग दिला, मधे पिवळसर पट्टा ओढला. एंजिन झकास दिसू लागले आणि तिथेच घोडे अडले. ते नवरदेवासारखे दिसत होते. वडिलांचे एंजिन असे कधी दिसलेच नाही. म्हणून मग ते मळवायचे. या छंदात त्याला ‘वेदरिंग’ म्हणतात, मी आपला ‘मळवणे’ म्हणतो. खडूची पूड, पातळ केलेला काळा-तपकिरी रंग, जवळजवळ कोरडा ब्रश, एवढीच त्याची सामग्री. तीन आठवडे मी ते काम केले. शेवटचा अस्तर-रंग मारला की पूड पक्की बसते. तो उद्या मारू म्हणून एंजिन टेबलावर ठेवले आणि बँकेत गेलो.

परत आलो तो आई टेबलाशी बसलेली. वय शहाऐंशी. हातात ओले फडके, समोर माझे एंजिन, लख्ख पुसलेले.

“आई, हे काय केलंस!”

“किती घाण झालं होतं रे. पुसलं.”

मी ओरडलो. साठी उलटलेला माणूस आईवर खेळण्यासाठी ओरडला. तिने फडके शांतपणे पिळले आणि म्हणाली, “ओरडू नकोस. जन्मभर तेच तर केलं मी. ह्यांचे कपडे आधी रॉकेलमध्ये, मग सोड्यात, मग साबणात. आणि खरं सांगू? तू लावलेला मळ चुकीच्या जागी होता.”

मी खुर्ची ओढून बसलो.

“तू सगळीकडे सारखा मळ लावलास. ते चिखलात पडल्यासारखं दिसत होतं, चालल्यासारखं नाही. खिडकीखाली पुसलेली जागा कुठाय?”

“कसली जागा?”

“ह्यांचं कोपर टेकायचं ती.”

मग तिने सांगितले. एकेरी मार्ग असल्यामुळे मालगाडीला समोरून येणाऱ्या गाडीसाठी नगर स्टेशनात थांबावे लागे. केव्हा थांबेल याचा नेम नसे, पण निरोप आला की आई डबा घेऊन फलाटाच्या टोकाला जाई. वडील खिडकीत डावे कोपर टेकून बसलेले असत. वाकून डबा घेत, रिकामा डबा खाली देत. त्या खिडकीखाली रंग घासून गुळगुळीत झालेला असे आणि सगळ्या एंजिनावर तेवढीच जागा चकाकत असे. “सगळे ड्रायव्हर तसेच बसायचे. म्हणून तर शर्टाचं डावं कोपर आधी जायचं. उजव्या कोपराला मी कधी ठिगळ लावलं नाही.”

आपल्याकडे ड्रायव्हर डाव्या बाजूला बसतो. या एंजिनाच्या केबिनमध्ये दोन्ही दिशांना चालवण्यासाठी दोन जागा असतात, तिरक्या समोरासमोर. जाताना एका खिडकीत बसायचे, येताना दुसऱ्या. म्हणजे एंजिन दोन्ही बाजूंनी घासले जायचे, पण शर्ट झिजायचा तो डावाच. हे मी कितीतरी आराखडे पाहिले त्यांत नव्हते. आईच्या सुईला ठाऊक होते.

मग मी पहिल्यापासून सुरुवात केली, पण आता प्रत्येक डागाला कारण विचारून. छतावर धुराड्याभोवती काजळी, कारण ड्रायव्हरने जोर वाढवला की तेल लगेच वाढते, पण टर्बोला वेग घेऊन पुरेशी हवा द्यायला वेळ लागतो. तोवर अर्धवट जळलेले तेल काळा धूर होऊन बाहेर पडते. चाकांच्या चौकटीवर ब्रेकच्या लोखंडी ठोकळ्यांची तांबूस पूड. एंजिनाच्या दारांखाली तेलाचे ओघळ. पावसाच्या रेघा मात्र थोड्या, कारण आमचा मुलूख पर्जन्यछायेतला. त्याऐवजी सारोळ्यापासून विळदपर्यंतची फिकट धूळ, खाली दाट आणि वर विरळ. आणि दोन खिडक्यांखाली दोन बोटभर जागा, मऊ फडक्याने घासून चमकवलेल्या.

या जागा घासताना मला एक गोष्ट आठवली, जी मी कुणाला सांगितलेली नाही. मी आठवीत असताना वडील ड्यूटीवरून परस्पर शाळेत मला न्यायला आले होते. अंगाला डिझेलचा वास, डाव्या कोपराला ठिगळ. एका मुलाने नाक दाबले. घरी येताना मी वडिलांना म्हणालो, “पुन्हा शाळेत येऊ नका.” ते “बरं” म्हणाले. पुन्हा आले नाहीत. बक्षीस समारंभालाही नाही.

आता त्या मार्गावर विजेच्या तारा आल्या आहेत. वाराणसीच्या कारखान्यात तर जुन्या डिझेल एंजिनांचेच विजेच्या एंजिनात रूपांतर करून २०१९ साली ते रुळावर आणले. रात्री पश्चिमेचा वारा असला की भोंगा अजून सावेडीपर्यंत ऐकू येतो. आई कूस बदलते. “थांबली वाटतं,” म्हणते.

एंजिन पुरे झाले तेव्हा अस्तर-रंग वाळण्याची दोन दिवस वाट पाहिली आणि मग ते तिच्या हातात दिले. मोतीबिंदू काढल्यापासून तिला जवळचे नीट दिसत नाही. तिने ते खिडकीजवळ नेले, बोटाने चाचपले. छतावरून बोट खाली आले आणि खिडकीखाली थांबले. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग एंजिन नाकाशी नेऊन म्हणाली, “वास नाही येत.”

“नाही येत,” मी म्हणालो.

ते एंजिन मी काचेच्या कपाटात ठेवले आहे. कपाट रोज आईच पुसते, पण बाहेरून. कुलूप नाही, तरी आत हात घालत नाही.