गार ब्रेक

फेब्रुवारीतला सोमवार. सकाळचे आठ वाजायला आले होते आणि रात्रभर पाऊस पडून गेला होता. सॅन होजेमधल्या आमच्या वस्तीतून उतरणारा रस्ता जिथे संपतो, तिथे एक प्राथमिक शाळा आहे. नारिंगी जाकीट घातलेल्या एक आजी तिथे रोज हातात लाल फलक घेऊन उभ्या असतात आणि मुलांना रस्ता ओलांडून देतात. त्यांनी फलक वर केला, मी ब्रेक दाबला आणि गाडी थांबेना.

ब्रेक निकामी झाला होता असं नाही. पायाखाली पेडल दगडासारखं घट्ट होतं. पण रोजच्या दाबाला गाडी दादच देत नव्हती, नुसती घरंगळत होती. मी पायावर सगळा भार टाकला तेव्हा ती उभी राहिली. तोवर पुढची चाकं पांढऱ्या पट्ट्यांवर गेली होती. मुलं अजून पदपथावरच होती. आजींनी माझ्याकडे बघितलं. बोलल्या काहीच नाहीत. मुलांना गाडीच्या नाकापुढून वळसा घालून त्यांनी पलीकडे नेलं. त्यांची ती नजर आजही मला त्या कोपऱ्यावर आठवते.

माझं गाव चिपळूण. अण्णा एसटीत ड्रायव्हर होते, कुंभार्ली घाट त्यांच्या पायाखालचा. मी इंजिनिअर होऊन इकडे आलो, नोकरी सॉफ्टवेअरची, गाड्यांचं वेड घरचंच. २०१७ची माझदा मिआटा जुनी घेतली. दोन सीटची, उघड्या टपाची. ऑफिसलाही तीच आणि वर्षातून तीन-चारदा लगुना सेकाच्या ट्रॅकवरही तीच. मॉन्टेरेजवळच्या डोंगरात १९५७ सालापासून असलेला हा ट्रॅक ३.६ किलोमीटरचा, ११ वळणांचा. तिथलं कॉर्कस्क्रू हे वळण जगभर माहीत आहे. १३७ मीटरमध्ये रस्ता १८ मीटर खाली कोसळतो. पण ब्रेकची खरी परीक्षा त्याच्या कितीतरी आधी, दुसऱ्याच वळणावर होते. त्या हेअरपिनला मारिओ आंद्रेत्तीचं नाव आहे.

तिथे माझी गाडी ताशी १६० किलोमीटरवरून ६०वर आणावी लागते. वजन ढोबळ ११०० किलो धरू. हिशेब केला तर एका ब्रेकमध्ये सव्वानऊ लाख ज्यूल उष्णता तयार होते. तेवढ्यात पावणेतीन लिटर नळाचं पाणी उकळीला येईल. त्या उष्णतेतली बहुतेक पुढच्या दोन डिस्कमध्ये शिरते. हेच प्रत्येक फेरीत, शिवाय बाकीची वळणं आहेतच. पहिल्या खेपेला कंपनीचे मूळ पॅड होते. पाचव्या फेरीत जळका वास आला, पेडल घट्ट लागत होतं पण वेग उतरेना. शेजारी बसलेल्या प्रशिक्षकाने शांतपणे सांगितलं, "आता एक फेरी ब्रेक न लावता सावकाश मार, आणि पिटमध्ये हँडब्रेक ओढू नकोस." ट्रॅकवर पेडल घट्ट आणि गाडी पळतेय, म्हणजे पॅड तापून हरला. पेडल मऊ होऊन तळाला गेलं, म्हणजे ब्रेक ऑइल उकळलं. हा फरक मी त्या दिवशी शिकलो. माझे पॅड हरले होते.

मग मी ब्रेकचे भाग विकणाऱ्या एका नावाजलेल्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसाने मॉडेल विचारलं, वर्ष विचारलं, कुठल्या ट्रॅकवर जातोस ते विचारलं. मी हेही सांगितलं की गाडी रोजची आहे. त्याने एक खोकं पुढे ठेवलं आणि पॅडच्या कडेवर छापलेली दोन इंग्रजी अक्षरं दाखवली: जी, जी. "पहिलं गार असतानाच्या पकडीचं, दुसरं तापल्यावरचं. दोन्ही उत्तम. हा पॅड दोन्हीकडे चालतो," तो म्हणाला. अक्षरांचा अर्थ मी घरी येऊन ताडून पाहिला. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. माणूस बरोबर सांगत होता. मी निर्धास्त झालो.

पॅड बसवले, रिकाम्या रस्त्यावर वेगातून दहा-बारा वेळा ब्रेक लावून ते डिस्कवर मुरवले. शनिवारी ट्रॅकवर त्यांनी जे काम केलं ते अजून विसरलेलो नाही. वीस मिनिटांच्या सत्रात पहिली फेरी आणि शेवटची फेरी, पेडल जिथल्या तिथे. आंद्रेत्तीच्या वळणाला मी दर फेरीत थोडा उशिरा ब्रेक लावत गेलो आणि गाडी दर वेळी हवी तिथे उभी राहिल्यासारखी थबकली. एवढं सुख मला त्या गाडीने आधी कधी दिलं नव्हतं. रविवारी पाऊस होता म्हणून पॅड बदलले नाहीत. दोन्हीकडे चालतात म्हटल्यावर बदलायचे तरी कशाला? आणि सोमवारी सकाळी शाळेच्या कोपऱ्यावर जे झालं ते झालं.

आता त्या अक्षरांबद्दल. ज्या चाचणीवरून ती ठरतात, तिच्यात "गार" म्हणून जी मापं घेतात ती ९३ ते २०४ अंश सेल्सिअसच्या दरम्यानची असतात. ९३ अंश म्हणजे गार! माझी गाडी त्या सकाळी आठ-दहा अंशांत भिजत उभी होती आणि घरापासून त्या कोपऱ्यापर्यंत मी एकदाही ब्रेक लावलेला नव्हता. त्या तापमानाबद्दल ते अक्षर एक शब्द बोलत नाही. पण ते ऐकणारा प्रत्येक माणूस "गार" म्हणजे आपल्या दारातली गाडी असंच समजणार. मीही तेच समजलो, आणि मी आकड्यांवर पोट भरणारा माणूस आहे.

मी खोकं घेऊन परत दुकानात गेलो. तोच माणूस होता. त्याने खोकं उलटं केलं आणि तळाशी, बारकोडच्या खालची एक ओळ दाखवली: सार्वजनिक रस्त्यावर वापरण्यासाठी नाही. मी म्हणालो, तुम्ही तर दोन्हीकडे चालतो म्हणालात. तो म्हणाला, खूप लोक चालवतात. मी म्हणालो, पट्ट्यांवर लहान मुलं असणार होती. तो म्हणाला, वापरलेले पॅड परत घेता येत नाहीत. मी पैसे मागायला गेलोच नव्हतो. मला एवढंच हवं होतं की पुढच्या गिऱ्हाइकाला त्याने ते खोकं आधीच उलटं करून दाखवावं. तसं कबूल करायलाही तो तयार झाला नाही. ही गोष्ट मला पैशांपेक्षा कितीतरी जास्त लागली.

कॅलिफोर्नियाने २०१० साली कायदा केला. पॅडच्या झिजेतलं तांबं पावसाबरोबर ओढ्यांत जातं आणि सामन माशांना अपाय करतं, म्हणून २०२१पासून पॅडमध्ये तांबं ५ टक्क्यांच्या आत आणि २०२५पासून अर्ध्या टक्क्याच्या आत असलं पाहिजे. खोक्यावर पानांची खूण असते. तीन पानं म्हणजे सगळ्यात कडक मर्यादा पाळलेली. कायदा चांगला आहे, मी त्याच्या बाजूचा आहे. पण माशासाठी खोक्यावर पान छापता येतं, तर दहा अंशांत पॅड किती धरतो हे का छापता येऊ नये? युरोपात बदली पॅडसाठी नियम ९० आहे. पॅडची पकड मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या आत असावी लागते आणि थंड ब्रेकची वेगळी चाचणी होते. म्हणजे पॅडची पकड अशी मापून बघणं अशक्य नाही.

त्या रात्री अण्णांना फोन केला. माझं सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "अरे, फाटकापाशी ब्रेक मारून बघितला नाहीस का?" डेपोतून गाडी काढली की फाटकातच एकदा ब्रेक दाबून बघायचा, प्रवासी घ्यायच्या आधी. पस्तीस वर्षं त्यांनी हे केलं. दुकानदारावरचा माझा राग त्या प्रश्नापुढे थोडा वेळ थांबला. खोक्याचा तळ मीही वाचला नव्हता. गाडी माझी होती, पाय माझा होता. तरी विचार केला की वाटतं, विकणाऱ्याचं काम विकण्यावर संपत नाही. या दोन्हींतून मला अजून एक बाजू निवडता आलेली नाही.

विचारणाऱ्यांना मी आता काय सांगतो ते लिहितो. वर्षातून एकदाच ट्रॅकवर जाणार असाल आणि नवखे असाल, तर पॅडला हात लावू नका. ज्या मूळ पॅडना मी वर हरलेले म्हटलं, तेच ठेवा. फक्त ब्रेक ऑइल नवं भरा. साधं डॉट ४ नवं असताना २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शोषला की ही हद्द १५५वर येऊ शकते. आणि दर चार-पाच फेऱ्यांनी एक फेरी सावकाश मारा. वारंवार जात असाल तर दोन जोड घ्या. रस्त्याचा वेगळा, ट्रॅकचा वेगळा. आदल्या रात्री बदला, परत आल्यावर पुन्हा बदला. दोन्ही जोड शक्यतो एकाच घराण्यातले घ्या, कारण प्रत्येक पॅड डिस्कवर आपला पातळ थर चढवतो आणि न जुळणारा थर बसला की स्टिअरिंग थरथरतं. लोक म्हणतात डिस्क वाकली. कॅरल स्मिथ या रेसिंग इंजिनिअरने फार पूर्वी लिहून ठेवलंय की बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते, पॅडचा माल तिच्यावर कमी-जास्त चिकटलेला असतो.

पॅड घ्यायला जाल तेव्हा सगळ्यात जास्त किती अंश सोसतो हे विचारू नका; ते विकणारा आपणहून सांगतो. सकाळच्या पहिल्या ब्रेकला, पावसात, तो किती धरतो ते विचारा. उत्तर मिळालं नाही तर खोकं घेऊ नका. आणि कुठलाही पॅड असो, घरातून निघालात की गल्लीच्या तोंडाशी, मागेपुढे कुणी नसताना, एकदा ब्रेक दाबून बघा.