दुसरी बैठक

गुरुवार, 20 नोव्हेंबर 2025

रात्रीचे साडेदहा. आत्ताच घरी पोचले. जपानी कंपन्यांत काम करणाऱ्या आणि जपानमध्ये शिकून आलेल्या तरुण मंडळींचं आज बीकेसीत स्नेहमीलन होतं. साठेक जण असतील. मी अकरा मेइशी दिल्या, तेवढ्याच घेतल्या. मेइशी, म्हणजे आपलं व्हिजिटिंग कार्ड, दोन्ही हातांनी द्यायचं, नाव समोरच्याला सुलट दिसेल असं धरायचं, किंचित वाकायचं. मिळालेलं कार्ड लगेच खिशात घालायचं नाही. माणसं ज्या क्रमानं बसली असतील त्याच क्रमानं ते टेबलावर मांडून ठेवायचं. जपानीच्या क्लासमध्ये सेन्सेईंनी हे पहिल्यांदा शिकवलं तेव्हा मला आजीचं संक्रांतीचं वाण देणं आठवलं होतं. तीही पदर सावरून दोन्ही हातांनीच वाण द्यायची.

पावणेनऊला उठावं लागलं. तेव्हा तिथे निजिकाईचं ठरत होतं. निजिकाई म्हणजे दुसरी बैठक. पहिल्या बैठकीत सगळे आपापल्या हुद्द्यासकट बोलतात, दुसरीत हुद्दा बाजूला राहतो. कुठे जागा निघणार आहे, कुठल्या प्लांटला दुभाषी हवा आहे, कुठल्या साहेबाशी जपून वागायचं, हे सगळं तिथे कळतं. चार वर्षांत मी एकदाही निजिकाईला थांबलेले नाही. कुर्ल्याहून बदलापूर गाडी, विठ्ठलवाडीला उतरून पूल, मग घरापर्यंतचा अंधार, आणि तोवर आई जागी.

माझ्याबरोबर आणखी दोघं उठली, एक अंबरनाथचा मुलगा आणि एक टिटवाळ्याची मुलगी. तिला कल्याणला गाडी बदलायची होती. कुर्ला ते कल्याण आम्ही उभ्या उभ्या जेवढं बोललो, तेवढं तिथे अडीच तासांत बोललो नव्हतो.

शुक्रवार, 21 नोव्हेंबर

ऐरोलीला ऑफिसात पोचल्यावर दुपारच्या आत अकराही जणांना मेल पाठवल्या. प्रत्येकीत त्या माणसाशी झालेल्या बोलण्यातली एक गोष्ट आवर्जून लिहिली. आभाराला दोन दिवस उशीर झाला की ते आभार राहत नाहीत, हे मला कामानं शिकवलं. आमच्या टीममध्ये ‘होरेन्सो’ रोज चालतं: होकोकु म्हणजे कळवणं, रेनराकु म्हणजे संपर्कात राहणं, सोदान म्हणजे सल्ला घेणं. होरेन्सो म्हणजे पालकाची भाजीसुद्धा, त्यामुळे नवीन मुलं हा शब्द विसरत नाहीत. वाईट बातमी आधी सांगायची, हे मात्र त्यांच्या अंगवळणी पडायला वेळ लागतो.

ओळखीला जपानीत ‘एन’ म्हणतात, आदरानं ‘गोएन’. पाच येनच्या नाण्याचा उच्चारही गोएनच, म्हणून देवळात ते नाणं वाहतात. हा ‘एन’ मूळचा बौद्ध विचारातला, ‘हेतू-प्रत्यय’ या जोडीतला प्रत्यय. बी हा हेतू. माती, पाणी, ऊन हे प्रत्यय. आमच्याकडच्या मुलांना ही माती कुठे मिळते? क्लास कल्याणात आहेत, डोंबिवलीत आहेत. ओळखी मात्र बीकेसीत आणि पुण्यात, त्याही रात्री नऊनंतर.

रविवार, 23 नोव्हेंबर

म्हणून आज आमच्या सोसायटीच्या ऑफिसात या पट्ट्यातल्या जपानी शिकलेल्या आणि शिकणाऱ्या मुलांची पहिली बैठक झाली. जागा अशीच मिळाली नाही. ‘नेमावाशी’चा अर्थ मी क्लासमध्ये पाठ केला होता: झाड दुसरीकडे लावायचं असेल तर आधी मुळांभोवतीची माती हळूहळू मोकळी करायची. कंपनीत त्याचा अर्थ असा की मीटिंगच्या आधी प्रत्येकाला एकेकटं भेटून घ्यायचं, म्हणजे मीटिंगमध्ये कुणालाच धक्का बसत नाही. हे मी या आठवड्यात केलं. सेक्रेटरी काकांकडे दोनदा गेले. खालच्या मजल्यावरच्या काकूंना आवाजाची काळजी होती, त्यांच्याकडे बसून चहा घेतला. बाबांनी जुन्या ओळखीतून खुर्च्या मिळवल्या. बाबा विठ्ठलवाडी आगारात एसटीचे मेकॅनिक होते. त्यांच्या पाना-पक्कडींची जागा भिंतीवर खडूनं आखलेली असायची, एखादा पाना जागेवर नसला तर लांबूनही कळायचं. जपानी कारखान्यात यालाच ‘सेइतोन’ म्हणतात हे सांगितलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, “मग तिकडची माणसं चांगली असणार.”

नऊ जण आले. चाकणच्या वाहन कारखान्यातला एक मुलगा दर पंधरा दिवसांनी घरी येतो, तो होता. एक सिव्हिल इंजिनिअर होता. बुलेट ट्रेनच्या कामातलं त्यानं सांगायला सुरुवात केली आणि सगळे खुर्च्या ओढून जवळ सरकले. बीकेसी ते शिळफाटा 21 किलोमीटरचा बोगदा, त्यातला 7 किलोमीटर ठाणे खाडीच्या खालून. घणसोली ते शिळफाटा हा 4.88 किलोमीटरचा भाग याच 20 सप्टेंबरला आरपार झाला. ठाण्याचं स्टेशन म्हातार्डीला, दिव्याच्या शेजारी. म्हणजे शिंकान्सेनचं तंत्र आपल्या शिळफाट्यापर्यंत आलंय, आणि त्या कामाच्या कागदांवर जपानी वाचू शकणारी माणसं लागतात. हे आमच्यातल्या सात जणांना आज पहिल्यांदा कळलं. सगळे याच पट्ट्यात राहतात!

क्लासमधल्या मुलांनी भाषेचं भय बोलून दाखवलं. मी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली: ‘मी शाळेत जाते’ आणि ‘वाताशी वा गाक्को नि इकिमासु’. दोन्हींत क्रियापद शेवटी, आणि ‘शाळेत’मधला ‘त’ जसा नामाला मागून लागतो तसाच ‘नि’. जपानी मुळाक्षरंही आ, इ, उ, ए, ओ आणि पुढे का, सा, ता, ना अशी चालतात. ही मांडणी सिद्धम् लिपीतून संस्कृत शिकणाऱ्या भिक्षूंच्या परंपरेतून आली. इंग्रजीतून जपानी शिकायचा आपला हट्ट सोडायला हवा. मराठीतून ती अधिक जवळची आहे, हे मी अनुभवानं सांगते.

अंबरनाथच्या मुलानं योगेंद्र पुराणिकांचं नाव काढलं. ते मूळचे अंबरनाथचे, इथून दुसरं स्टेशन. 2019 मध्ये टोकियोच्या एदोगावा वॉर्डाच्या सभागृहात ते निवडून आले. जपानमध्ये निवडणूक जिंकणारे ते पहिले भारतीय वंशाचे नागरिक. पुढे इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. ते नाव ऐकल्यावर सगळ्यांच्या बसण्यात फरक पडला.

मंगळवार, 25 नोव्हेंबर

आज मन ठिकाणावर नाही. रविवारी आलेली, नर्सिंगचं जीएनएम झालेली मुलगी रात्री घरी आली, सोबत तिची आई. एका एजंटानं जपानमध्ये वृद्धांची देखभाल करण्याचं काम देतो म्हणून साडेतीन लाख मागितलेत. त्यातले चाळीस हजार देऊनही झाले. कागद एकच, तोही इंग्रजीत, आणि त्यावर पगाराचा आकडाच नाही.

मी तिला जे माहीत आहे ते वहीत लिहून दिलं. हे काम ‘तोकुतेई गिनो’ या व्हिसावर होतं. भारत आणि जपानमध्ये त्याचा करार जानेवारी 2021 मध्ये झाला. देखभालीच्या कामासाठी कौशल्याची परीक्षा, देखभालीच्या जपानीची वेगळी परीक्षा, आणि जपानी भाषेची एन-4 किंवा त्या तोडीची परीक्षा उत्तीर्ण व्हावं लागतं. या परीक्षांना पैसा हा पर्याय नाही. पहिल्या टप्प्यात एकूण पाच वर्षं राहता येतं, कुटुंब नेता येत नाही. पगार तेच काम करणाऱ्या जपानी माणसापेक्षा कमी देता येत नाही. त्याच क्षेत्रात मालक बदलायची मुभा आहे. आणि आपल्या 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदलेल्या एजंटाला 30,000 रुपये आणि जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. नोंदणी आहे की नाही ते सरकारच्या ई-मायग्रेटवर दिसतं. आम्ही तिथेच बसून शोधलं. त्या एजंटाचं नाव नव्हतं.

तिची आई रडली नाही. “हे कुणी आधी सांगितलं असतं तर,” एवढंच म्हणाली. चाळीस हजार म्हणजे त्यांच्या घरातली किती महिन्यांची बचत, ते विचारायचा धीर मला झाला नाही. येत्या पाच वर्षांत 50,000 कुशल भारतीय जपानला जावेत असं दोन्ही सरकारांनी ऑगस्टमध्ये ठरवलंय. म्हणजे असे एजंट आणखी वाढणार. त्यांच्यापुढे आपल्याकडे एकच गोष्ट आहे, आधी जाऊन आलेल्या माणसाची ओळख. मेइशीचा खरा उपयोग मला आज कळला.

तिला म्हटलं, उद्यापासून रोज रात्री नऊला फोन कर, आपण ऐकण्याचा सराव करू. 7 तारखेला तिची एन-4.

शनिवार, 6 डिसेंबर

महापरिनिर्वाण दिन. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, कडेवर मुलं, पहाटेपासून गाड्या दादरच्या दिशेनं भरून चालल्यात. आमच्या गटातले तिघं चैत्यभूमीवर गेलेत. वाकायामातल्या कोयासान विद्यापीठात 2015 च्या सप्टेंबरमध्ये बाबासाहेबांचा पुतळा उभा राहिला. नागपूरच्या दीक्षाभूमीशी आयुष्य जोडलेले भदंत सुरेई ससाई जन्मानं जपानी. महाराष्ट्र आणि जपान यांच्यातल्या ‘एन’बद्दल बोलताना लोक फक्त कारखाने मोजतात. मला ही बाजू अधिक खोल वाटते. पुढच्या बैठकीत यावर त्या तिघांपैकी एकानं बोलावं, असं त्याला कळवलं आहे.

रविवार, 7 डिसेंबर

परीक्षा. मी तिला केंद्रापर्यंत सोडलं. एन-4 ला 180 पैकी 90 गुण लागतात, शिवाय ऐकण्याच्या भागात 60 पैकी 19 स्वतंत्रपणे हवेतच. बाहेर आली तेव्हा म्हणाली, “ताई, ऐकणं गेलं बरं.” निकाल जानेवारीत.

रविवार, 14 डिसेंबर

सोळा जण. बदलापूरहून पाच, शहाडहून दोन. खुर्च्या कमी पडल्या, मागची मुलं खिडकीला टेकून उभी होती. चैत्यभूमीला गेलेल्या मुलानं कोयासानवर वीस मिनिटं मांडलं आणि शेवटचा परिच्छेद जपानीत वाचला. चाकणच्या मुलानं त्याच्या कंपनीत दुभाष्याची जागा निघणार असल्याचं सांगितलं. निजिकाईत जे कळतं ते आज इथे, दिवसाउजेडी कळलं.

दोन गोष्टी ठरल्या. प्रत्येक एन-2 झालेल्यानं एका नवख्या एन-5 वाल्याला वर्षभर सांभाळायचं, सेम्पाईनं म्हणजे थोरल्यानं कोहाईला म्हणजे धाकट्याला सांभाळावं तसं. आणि जपानला जाण्यासाठी पैसे मागणारा कुठलाही कागद आधी या टेबलावर ठेवून सगळ्यांनी वाचायचा. पहिला कागद त्या मुलीनंच ठेवला, तोच एजंटाचा, इतरांना दाखवायला.

पुढची बैठक रविवारी 28 डिसेंबरला, दुपारी चार वाजता. साडेसहाला संपेल, म्हणजे कर्जतहून येणारीसुद्धा वेळेत घरी पोचेल.