चारही चाकं ओढणारी जुनी गाडी



मागच्या आठवड्यात कांद्याच्या रोपाची नोंद टाकली होती. फोटोत मागं उभी असलेली गाडी बघून निम्म्या लोकांनी रोप सोडून गाडीचंच विचारलं. डस्टर कुणाची? फोर बाय फोर आहे का? केवढ्याला पडली? पार्ट मिळतात का? एकेकाला सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहितो. आज कांदा नाही, गाडी.

आधी आमचं ठिकाण सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. घर आणि वडिलोपार्जित जमीन शिरूर तालुक्यात, भीमेच्या अलीकडं. नदी ओलांडली की दौंड. तिकडं पारगावच्या बाजूला तीन एकर ऊस वाट्यानं करतो. म्हणजे रोज दोन तालुक्यांत येणंजाणं. न्हावरा-चौफुला रस्ता डांबरी आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. अडचण आहे ती डांबरी सोडल्यावर वस्तीपर्यंतच्या सव्वा किलोमीटरची. ती पाणंद. दोन्ही अंगाला ऊस आणि खाली काळी भारी जमीन. उन्हाळ्यात तिच्यावरून कुठलीही गाडी जाते. पाऊस झाला की माती फुगते, चाकाला धरते, मडगार्डमध्ये भरते आणि मोटरसायकलचं चाक फिरायचंच थांबतं. नदीकाठच्या माणसाला हे सांगायला नको.

घरात वॅगन आर आहे, सीएनजीवाली. पुणं, शिरूर, बाजार, लग्नकार्य, सगळं तीच करते आणि कमी खर्चात करते. ती विकायचा प्रश्नच नाही. पण जून ते ऑक्टोबर ती डांबरीच्या कडेला एका पाहुण्याच्या पत्र्याखाली उभी राहते. तिथून पुढं ट्रॅक्टर, नाहीतर पायी. पायी जायला पूर्वी काही वाटत नव्हतं. आता वाटतं. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि आमचं शिरूर, या चार तालुक्यांत बिबट्या उसातच जन्मतो आणि उसातच वाढतो. आमच्या तालुक्यात माणसं गेली. रात्री नऊनंतर त्या पाणंदीनं एकट्यानं चालत येऊ नको, असं मी पोराला सांगतो आणि स्वतःही येत नाही.

२०२४ च्या जुलैत रात्री अकराला आईला दम लागला. वय ब्याऐंशी. १०८ ला फोन केला. रुग्णवाहिका वेळेत आली, पण डांबरीवर थांबली. त्या चिखलात ती आत येणार तरी कशी? ट्रॉलीत खाट टाकली, चौघांनी वर ताडपत्री धरली आणि निघालो. सव्वा किलोमीटरला पस्तीस मिनिटं लागली. दर खड्ड्याला आईची पकड माझ्या मनगटावर घट्ट व्हायची. ती वाचली. पाचव्या दिवशी घरी आली आणि ओसरीवर बसून म्हणाली, "पुढल्या टायमाला मला हलवू नका. त्या ट्रॉलीत नको. इथंच राहू द्या."

गाडी त्या बोलण्यावर घेतली. बाकी हिशेब नंतरचा.

पावसाळ्यापुरती शिरूरला खोली घेऊन तिला तिथं ठेवू, असं धाकटा भाऊ म्हणाला. आई साठ वर्षं या वस्तीवर आहे. तिला गोठा दिसला नाही तर जेवण जात नाही. तो विषय तिथंच मिटला. पैसे एक एकर ठिबकासाठी बाजूला काढलेले होते. मंडळींना विचारलं. ती म्हणाली, "ठिबक पुढच्या वर्षी होईल. आत्याबाई पुढच्या वर्षी असतील का?" त्यावर मी काय बोलणार!

आता गाडी कुठली? नव्या फोर बाय फोरचा आकडा आमच्या उसाच्या बिलात बसत नाही. म्हणजे जुनीच. जिप्सी बघितली. हलकी, चिखलात भारी, पण पेट्रोल आणि मागची बाकं आडवी. आजारी माणूस झोपवायचं कुठं? शिवाय हौशी लोकांनी तिचा भाव चढवून ठेवलाय. बोलेरो आणि स्कॉर्पिओचं फोर बाय फोर बघितलं. त्यांना लो गिअर असतो, पार्ट कुठंही मिळतात, मिस्त्रीही सगळीकडं. आमच्या बजेटमध्ये मात्र ज्या दिसल्या त्या पार वापरून घेतलेल्या होत्या. शेवटी डस्टरवर आलो.

रेनो डस्टर आपल्याकडं २०१२ ला आली. चारही चाकं ओढणारी, म्हणजे एडब्ल्यूडी, २०१४ ला. मूळ गाडी रोमानियातल्या डाचिया कंपनीची, ती कंपनी रेनोचीच. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झालं तेव्हा रेनोनं इथलं डिझेल बंद केलं. त्यामुळं डिझेलची मिळेल ती जुनीच मिळेल. इंजिन १४६१ सीसीचं, टर्बो डिझेल, ११० पीएस, सहा गिअर. याच घराण्यातलं इंजिन निसान टेरानो, सनी, मायक्रा आणि महिंद्राच्या व्हेरिटोत होतं. व्हेरिटो टॅक्सीत किती पळाल्या ते आठवा. त्यामुळं इंजिनाचं काम जाणणारा माणूस सापडतो. मागच्या चाकांच्या यंत्रणेचा पार्ट मात्र मागवावा लागतो, चार-आठ दिवस जातात. ज्याची ही एकच गाडी आहे त्यानं हे ध्यानात घ्यावं. माझी दुसरी आहे, म्हणून चालतं.

टर्बो म्हणजे काय, हे पोरं विचारतात. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक छोटा पंखा फिरतो. त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. हवा जास्त म्हणून डिझेल जास्त जळतं, म्हणून छोट्या इंजिनातून मोठी ताकद. टर्बो आणि चारही चाकं ही जोडी जगात गाजवली १९८० च्या ऑडी क्वाट्रोनं, रॅलीच्या शर्यतीत. त्यांना ती वेगासाठी हवी होती. आपल्याला वेग नको, चिखलातून बाहेर निघता आलं म्हणजे झालं.

तीन महिने शोधली. दिल्ली पासिंगच्या गाड्या फोनवर लाख-दीड लाखानं स्वस्त सांगायचे. कारण तेव्हा तिथं दहा वर्षांच्या पुढचं डिझेल चालत नव्हतं, म्हणून ती बाहेर काढायचे. पण तिथली एनओसी आणायची, इथला टॅक्स भरायचा, नवा नंबर घ्यायचा. ते सगळं धरलं तर स्वस्ताई बरीच कमी होते आणि हेलपाटे वाढतात. मी पुण्यातली घेतली. एमएच १२, २०१६ ची, एका मालकाची, ९४ हजार किलोमीटर. सव्वापाच सांगितले, चार साठला तुटलं.

घेताना जे बघितलं ते लिहितो, उपयोगी पडेल.

पहिलं, आरसीवर बँकेचा बोजा आहे का. सातबाऱ्यावर बघतो तसंच. असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. इन्शुरन्स चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर घ्यायचा. दंडाच्या पावत्या, म्हणजे ई-चलन, नंबर टाकून बघायची. २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवी एचएसआरपी पाटी बसलेली आहे का तेही बघायचं.

दुसरं, टायमिंग बेल्ट कधी बदलला. बिल असेल तर खरं, तोंडी सांगितलेलं धरायचं नाही. हा बेल्ट चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिनच खोलावं लागतं. बिल नव्हतं, म्हणून मी आल्याबरोबर बदलून टाकला.

तिसरं, थंड इंजिन चालू करायचं. विकणारा आधीच गरम करून ठेवत असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी जायचं. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबायचा. टर्बो धरताना धक्का येतो का, निळा धूर येतो का, शिट्टीसारखा मोठा आवाज येतो का. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय.

चौथं, चारही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले हवेत. एक नवा आणि तीन गुळगुळीत असतील तर मागच्या-पुढच्या चाकांचे फेरे जुळत नाहीत आणि मधला क्लच फुकट झिजतो. मग ती गाडी खाली शिरून बघायची. मागच्या डिफरन्शियलला तेल गळतंय का, शाफ्टचे रबर फाटलेत का. शहरातल्या माणसानं चारही चाकं कधी वापरलेली नसतात, तो बघत नाही. आपण बघायचं.

वरचा खर्च असा झाला. टायर चार, २१५/६५ आर १६, खरबरीत नक्षीचे: ३४ हजार. टायमिंग बेल्ट आणि पाण्याचा पंप: १४ हजार. इंजिन, गिअरबॉक्स, मागचं डिफरन्शियल यांचं ऑइल: ९ हजार. मागचे बुश: ६ हजार. नावावर करणं आणि इन्शुरन्स: १९ हजार. म्हणजे चार साठची गाडी पाच बेचाळीसला पडली. जुन्या गाडीचा सौदा झाला तरी लाखभर रुपये खिशात राहिले पाहिजेत. ते नसतील तर थांबावं.

आता चिखलातलं. या गाडीला ट्रॅक्टरसारखा लो गिअर नाही. पहिला गिअर मुद्दाम आखूड केलाय, त्यावर भागवायचं. एक बटण आहे: टूडब्ल्यूडी, ऑटो आणि लॉक. ऑटोवर पुढची चाकं घसरली की मगच मागची ओढायला लागतात. पाणंदीला चाक लागायच्या आधीच लॉक करायचं, रुतल्यावर नाही. जुना टर्बो कमी फेऱ्यांवर मेल्यासारखा असतो. पाय दाबत जावं तर काहीच होत नाही, मग एकदम ताकद येते, चाकं गरकन फिरतात आणि गाडी पोटावर बसते. म्हणून पहिला गिअर, पाय एकसारखा, इंजिनाचे फेरे दोन हजाराच्या आसपास, आणि मध्ये थांबायचं नाही. चाकं नुसतीच फिरवत राहिलं तर मधला क्लच तापतो आणि मागची चाकं सुटतात. नांगरट करताना ट्रॅक्टर जसा एका लयीत ठेवतो, तसं.

आणि एक ध्यानात ठेवा. चारही चाकं ओढतात म्हणून गाडी लवकर थांबत नाही. ब्रेक तर सगळ्याच गाड्यांना चार चाकांना असतात. टायर गुळगुळीत असेल तर फोर बाय फोर असो नाहीतर बैलगाडी, चिखल कुणाला ओळखत नाही.

परीक्षा लवकर झाली. २०२५ ला मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच पावसानं गाठलं. बारामती, इंदापूर, दौंडकडं ओढे एका दिवसात भरून वाहिले. आमची पाणंद त्या दिवशी ट्रॅक्टरलाही जड गेली आणि डस्टर मी बाहेर काढलीच नाही. तेही सांगितलं पाहिजे. ओढ्याला पाणी असताना गाडीवर भरवसा ठेवून उतरणं म्हणजे शहाणपण नाही. पाणी ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी ती गेली आणि तिथून पुढं सप्टेंबरपर्यंत फक्त दोन वेळा अडकली, दोन्ही वेळा ट्रॅक्टरच्या साखळीनं निघाली.

सप्टेंबरात आईला पुन्हा दम लागला, पहाटे तीनला. मागची सीट पाडली, गादी टाकली, मंडळी तिच्या उशाशी बसली. डांबरीला यायला नऊ मिनिटं लागली. आई वाटेत एकदाच बोलली, "काच लाव, गार वारं येतंय." मला तेवढंच पुरे होतं. पाच बेचाळीस वसूल झाले का, असं कुणी विचारलं तर मी ही नऊ मिनिटं सांगतो. अॅव्हरेज सांगत बसत नाही. विचाराल तर डांबरीवर सोळा, पाणंदीत दहाच्या आत.

आता थोडं अवघड. ही गाडी माझी राहिली नाही. वस्तीवर नऊ घरं. बाळंतपण, साप चावलेला, तापानं फणफणलेलं पोर, सगळ्यांचा फोन मलाच. जातो. जायलाच पाहिजे. पण गाडीचं स्टिअरिंग धरून बसलं की एक गोष्ट डोक्यात येते. सव्वा किलोमीटर मुरूम आणि खडी पडली असती तर या गाडीची गरजच नव्हती. वॅगन आर दारात उभी राहिली असती आणि १०८ सुद्धा. २०२१ ला मातोश्री शेत-पाणंद रस्त्यांची योजना आली. महसूल अधिनियमाचं कलम १४३ आहे, अडवलेला रस्ता मोकळा करायला १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा आहे. कागद सगळे आहेत. अडलंय ते बांधावर. रुंदी हवी बारा फूट, जागेवर आहे सात. दोन्हीकडून अडीच-अडीच फूट सोडायला आठ घरं तयार आहेत, एक नाही.

त्या एका घरातलं माणूसही ऑगस्टमध्ये या गाडीतून दवाखान्यात गेलं. त्या वेळी रस्त्याचा विषय काढायचा नसतो. काढला नाही. परत सोडताना त्यानं डिझेलचे पैसे पुढं केले, मी घेतले नाहीत. दोघांनाही कळलं कशाचे घेतले नाहीत ते.

तहसीलला अर्ज दिलाय. मोजणी व्हायची आहे. दिवाळीनंतर पुन्हा बैठक आहे, त्यालाही निरोप दिलाय. रस्ता झाला तर डस्टर विकीन, येतील तेवढे येतील, आणि त्यात राहिलेलं ठिबक करीन. तोवर दर रविवारी एअर फिल्टर झाडतो, चिखल धुतो आणि लांबून आलो की इंजिन बंद करायच्या आधी मिनिटभर तसंच चालू ठेवतो, टर्बो थंड व्हायला.

रोपाची नोंद पुढच्या आठवड्यात. पीळ पडलाय थोडा, फवारणी केलीय. बघू.