मामांची एम. जी.

गोंदियाला मी गेलो तो मामांचे मन वळवायला. मामेभावाचा पुण्याहून फोन आला होता : "दादा, आता तूच काय ते सांग बाबांना. ब्याऐंशी वर्षांचे झाले, आणि त्या गाडीच्या इंजिनात सहा लाख रुपये ओतायला निघालेत. त्यापेक्षा घराचे छप्पर तरी बदलून घ्या म्हणावे." आमच्या गोतावळ्यात मी हिशेबी म्हणून प्रसिद्ध आहे. (माझी पत्नी यासाठी वेगळा शब्द वापरते.) तेव्हा मागल्या कार्तिकातल्या एका सकाळी खिशात पेन्सिल घालून मी नागपूरला आगगाडीत बसलो.

तुमसर मागे पडून वैनगंगा ओलांडली की मुलूख धानाचा होतो. दोन्ही बाजूंना शेतात कापलेल्या धानाच्या कडपा पडलेल्या, मध्येच एखादे तळे, तळ्याच्या काठाशी ध्यानस्थ बगळा. १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा निघालेला हा जिल्हा तळ्यांचा आणि तांदळाचा. मामांची राइस मिल कधीच बंद पडली. पण तिच्या शेडमध्ये कोंड्याचा वास अजून आहे, आणि त्या वासात ताडपत्रीखाली गाडी उभी होती.

गाडी १९४८ सालची, एम. जी. टी. सी. मामांच्या वडिलांनी ती नागपुरात, विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून घेतली. दोनच माणसांची जागा, तारांची उंच चाके, पुढची काच आडवी पाडता येते. इंजिन १२५० सी. सी.चे, शक्ती ५४ अश्वांची. आजची साधी घरगुती मोटारसुद्धा हिच्याहून ताकदवान असते. पण त्या काळी हिला शर्यतीची गाडी म्हणत. लग्न झाल्यावर १९६८ साली मामा-मामी हिच्यातूनच नवेगावबांधला तळे पाहायला गेले होते. मामी जाऊन अकरा वर्षे झाली. तेव्हापासून गाडी हलली नव्हती.

मी कागदावर आकडे मांडले. एका मोठ्या शहरातल्या गॅरेजचा अंदाज सहा लाखांचा. दलाल बंद गाडीची जी किंमत सांगत होता आणि चालू गाडीची जी सांगत होता, त्यांत फरक चार लाखांचा. म्हणजे दोन लाखांचा उघड तोटा. मामेभावाने एक तोडही सुचवली होती : भंगारातले एखादे मारुतीचे इंजिन आणून बसवावे, काम भागेल. पण २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी जे नियम केले, त्यांत गाडी मूळ रूपात हवी, चासी, सांगाडा वा इंजिन यांत फेरफार झालेला नको, अशी अट आहे. मारुतीचे इंजिन घातले की ही गाडी ना जुनी राहणार ना नवी.

"झाला तुझा हिशेब?" मामांनी विचारले. "मग आता मिस्त्रीला ऐक."

मिस्त्री साठीचा. त्याचा बाप मामांच्या मिलचे ऑइल इंजिन सांभाळी. तो म्हणाला, "आधी उघडून तर पाहू जी. न उघडता आकडा सांगते तो व्यापारी, मिस्त्री नाही."

इंजिन गंजून धरले होते. चार दिवस सिलिंडरांत डिझेल आणि तेल मुरवून ठेवल्यावर ते हलले. मी दोन दिवसांसाठी गेलो होतो, आठ दिवस राहिलो. उघडताना एक गंमत कळली. हे इंजिन कॉव्हेंट्रीच्या ज्या कारखान्याच्या वंशातले, तो मूळचा हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा. १९२३ साली तो मॉरिसने घेतला. पण आतली यंत्रे फ्रेंच, म्हणून बोल्टांचे आटे मेट्रिक पडत, आणि डोकी मात्र इंग्रजी पान्यांना बसतील अशी. वरून इंग्रज, आतून फ्रेंच! पूर्वी कुणा कारागिराने डोके पाहून फसून इंग्रजी बोल्ट जोराने पिळला होता. आटे गेले, तेल गळू लागले, आणि ब्लॉकच गेला असे सगळे समजून बसले. मोठ्या गॅरेजच्या अंदाजातली बरीच रक्कम या एका समजुतीची होती.

तरी खरी परीक्षा पुढेच होती. मिस्त्रीने ब्लॉक पुसून रॉकेलने माखला, पुन्हा कोरडा केला आणि वर खडूची पूड पसरली. चीर असेल तर तिच्यात शिरलेले रॉकेल हळूहळू वर येते आणि पांढऱ्या पुडीवर ओली रेघ उमटते. "रेघ आली तर ताडपत्री टाकून देऊ," तो म्हणाला. अर्धा तास कुणी बोलले नाही. मामा खुर्ची ओढून ब्लॉकसमोर बसले होते. मन वळवायला आलेला मी, आणि मनात म्हणत होतो, रेघ नको येऊ दे!

रेघ आली नाही. क्रँकवरही नाही. मग पिस्टनची रिंग सिलिंडरात सरकवून तिच्या फटीत पत्ती घालून झीज मोजली. बोअर करून मोठे पिस्टन घालावे लागणार हे ठरले. या गाड्या दहा हजारांच्या आसपास बनल्या आणि शौकिनांनी त्या जपल्या, म्हणून विलायतेत पिस्टन, बेअरिंगे, गॅस्केटे आजही नवी मिळतात. नाहीतर सहा काय, साठ लाखांनीही काही झाले नसते. २००० सालापासून पेट्रोलात शिसे नाही, म्हणून एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटा कठीण पोलादाच्या बसवल्या. हल्ली पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल असते, त्याला जुने रबर टिकत नाही. तेही सारे बदलले.

एकंदर खर्च सव्वातीन लाख. दलालाच्या चार लाखांपुढे हा तर फायदा! मी मामेभावाला तसे कळवलेही. पण फायदा गाडी विकली तरच पदरात पडतो, आणि मामा ती विकणार नव्हते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. छपराला यंदाही पन्हळी पत्र्याचे ठिगळच लागले.

माघात मी पुन्हा गेलो. मामा चालवायला बसले, मी शेजारी, मिस्त्री मागून मोटारसायकलवर. गोरेगाव, कोहमारा, मग नवेगावबांध. नव्या रिंगा बसेपर्यंत पहिले आठशे किलोमीटर वेग पन्नासच्या आत ठेवायचा, अशी मिस्त्रीची सक्त ताकीद. त्यामुळे कोहमाऱ्याच्या अलीकडे आमच्या शर्यतीच्या गाडीला धानाच्या पोत्यांनी लादलेल्या एका ट्रॅक्टरने मागे टाकले. ड्रायव्हरने वळून हात केला. मामांनीही केला.

बांधावर पोचलो तेव्हा ऊन तिरपे झाले होते. पाणी लांबवर पसरलेले, मध्ये कुठेकुठे पाहुण्या बदकांचे काळे ठिपके. कोलू पाटील कोहळीने हे तळे बांधले असे इथे सांगतात. मिस्त्री बॉनेट उघडून तेलाचा थेंब कुठे दिसतो का पाहत होता. मामा पाण्याकडे पाहत उभे राहिले. बोलले नाहीत, मीही विचारले नाही.

परत गाडीत बसताना त्यांनी चश्मा वर करून किलोमीटरांचा हिशेब केला. या वेळी पेन्सिल त्यांनी माझ्याकडून मागून घेतली होती.

"जाऊन-येऊन एकशे तीस धर," ते म्हणाले. "म्हणजे आठशे व्हायला अजून सहा खेपा हव्यात. पुढच्या महिन्यात कधी येतोस?"