गॅसची शेगडी आणि पोपटीचा धूर

गेल्या उन्हाळ्यात आमच्या मातोश्री अलिबागहून हॅनोव्हर येथे आमच्याकडे राहावयास आल्या. आम्ही मोठ्या हौसेने गच्चीतील गॅसच्या शेगडीवर कोंबडी भाजून त्यांच्यापुढे ठेविली. दोन घास खाऊन त्या म्हणाल्या, "बाळा, शिजली आहे छान; पण हिला विस्तवाची ओळखच नाही." आणि त्यांनी ताट बाजूस सारले.

आम्हांस कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे 1981 पासूनच्या रायगडातील, थंडीच्या रात्री आठवल्या. भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी व कोंबडी यांनी भरलेले पालथे मडके आणि भोवती पेटलेला पेंढा! पोपटीत पाण्याचा थेंब नसे; चव पाल्याची व धुराची.

गॅस स्वच्छ जळतो, हाच त्याचा गुण आणि हाच दोष. लाकडातील लिग्निन हे द्रव्य तापून फुटते, तेव्हा धुरास स्वाद येतो. गॅसच्या ज्योतीत ते नसतेच. येथून जवळच श्टाइनहुडे या सरोवरकाठच्या गावी धुरावलेली वाम प्रसिद्ध आहे. परंतु ती आपणांस वर्ज्य. तेव्हा धूर घरीच करणे भाग होते.

प्रथम आम्ही पाइनच्या काटक्या जाळल्या. राळेमुळे कोंबडी कडू झाली. मग बीच लाकडाच्या मूठभर कोरड्या ढलप्या भोके पाडलेल्या पत्र्याच्या डबीत घालून डबी एका ज्योतीवर ठेविली. दाट पांढरा धूर ओसरून पातळ निळसर धूर येऊ लागताच दुसऱ्या, विझविलेल्या बाजूस कोंबडी मांडून झाकण लाविले.

एका भारतीय स्नेह्यांनी शेवटी निखाऱ्यावर तूप सोडून धुंगार देण्यास सुचविले होते. पण मांसास तुपाचा धूर काशेर घरात कसा चालावा? मातोश्रींनी निमूटपणे वाटीतील निखाऱ्यावर तेलाचे दोन थेंब सोडले व पाच मिनिटे झाकण ठेविले. "आपण शनवार तेली ना!" एवढेच त्या म्हणाल्या. त्या रात्री त्यांनी पुन्हा वाढून घेतले.

एक सूचना अवश्य पाळावी: निखारा उघड्यावरच पेटवावा, बंद खोलीत कदापि नाही, त्याच्या विषारी वायूस वास नसतो.

मातोश्री आता परत गेल्या आहेत. परदेशी गच्चीत ज्यांस हीच उणीव भासते, त्या कुटुंबांसाठी हे लिहिले.