गाळ, गाळणी आणि आवाज

मराठीत ‘गाळ’ आणि ‘गाळणे’ हे दोन शब्द एकाच कुळातले आहेत. तळाशी बसतो तो गाळ, आणि तो मागे ठेवून पाणी पुढे नेण्याची कृती म्हणजे गाळणे. पाणी स्वच्छ करण्यासंबंधीचा आपला शब्दसंग्रह तसा समृद्ध आहे. पाणी निवळते, नितळ होते. आपण त्यात तुरटी फिरवतो, ते दुहेरी फडक्यातून गाळून घेतो. पूर्वी मातीच्या भांड्याला आतून निवळीचे बी घासत आणि मग त्यात गढूळ पाणी भरून ठेवत. (निवळीला संस्कृतात कतक म्हणतात. कतकाचे नुसते नाव घेतल्याने पाणी निवळत नाही, असा दाखला मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात येतो. संदर्भ वाचल्याविना संदर्भग्रंथांची नावे लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी तो मला अनेकदा उपयोगी पडला आहे.)

या सगळ्या शब्दांमागे एक गृहीत आहे. घाण एका बाजूला, पाणी दुसऱ्या बाजूला. दोन्ही वेगळी केली की काम संपले. गेल्या काही महिन्यांत आमच्या घरच्या फिशटँकसाठी आणलेल्या एका मोठ्या कॅनिस्टर फिल्टरने हे गृहीत तपासून पाहायला लावले. त्याविषयी लिहितो आहे.

फिशटँक अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. माध्यमिक शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी, २०११ साली, त्यांनी सांगलीच्या घरात चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी टाकी बसवली. काठोकाठ भरली तर अडीचशे लिटरच्या थोडे वर पाणी मावेल. वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता सव्वादोनशेच्या आसपास. त्यात आज चार गोल्डफिश आहेत. सर्वांत थोरला दहा वर्षांचा. अण्णा आता एक्याऐंशीचे आहेत. काचबिंदूने गेल्या तीन वर्षांत त्यांची दृष्टी जवळजवळ नेली. उजेड आणि अंधार कळतो, खिडकी कोठे आहे ते कळते. मासे दिसत नाहीत. तरीही रोज सकाळी ते टाकीपाशी खुर्ची ओढून बसतात.

मागच्या काचेला अडकवलेला जुना हँग-ऑन फिल्टर दर आठवड्याला उघडून त्याचा स्पंज पिळावा लागे. डोळे गेल्यावरही अण्णा ते काम हाताच्या अंदाजाने करीत. पण आता बोटे थरथरतात, झाकण बसत नाही. सत्रान्त परीक्षेच्या दिवसांत माझ्याकडूनही वार चुकतो. गोल्डफिश हा मासा दिसायला नाजूक असला तरी खाण्याला आणि मलमूत्राला भारी. त्याच्या टाकीला आठवडाभराची सुटी नसते. म्हणून मोठा कॅनिस्टर घ्यायचे ठरले. दोन-तीन महिन्यांतून एकदा उघडला तरी चालेल, असा.

कॅनिस्टर म्हणजे झाकणाचा एक मोठा डबा. तो टाकीखालच्या कपाटात ठेवायचा. एका नळीने टाकीतले पाणी खाली डब्यात उतरते, चार चाळण्यांमधून वर चढते आणि झाकणातली मोटर दुसऱ्या नळीने ते परत टाकीत सोडते. पहिल्या चाळणीत जाड स्पंज, पुढच्या दोन चाळण्यांत चिनी मातीची पोकळ कडी, शेवटी बारीक कापसासारखा थर. एवढ्या खालून एवढी लहानशी मोटर पाणी चार फूट वर चढवते कशी, असे मी विचारताच अण्णांमधला शिक्षक जागा झाला. ‘‘चढवत नाही रे,’’ ते म्हणाले. ‘‘उतरणारे पाणी आणि चढणारे पाणी एकमेकांना तोलून धरतात. दोन्ही नळ्या भरलेल्या असल्या की ती तराजूची दोन पारडी. मोटरला फक्त घर्षण मोडायचे असते.’’ पुढे त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. डबा आधी एक दिवस घमेल्यात ठेवून चालवायचा, म्हणजे रबरी कडे गळत असेल तर ते कपाटातल्या पुस्तकांना कळण्याआधी आपल्याला कळेल. आणि वायर प्लगकडे जाण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्यायचा. ओघळ आलाच तर तो झोळाच्या तळाशी ठिबकावा, प्लगमध्ये जाऊ नये.

नवा डबा लावला म्हणून जुना लगेच काढायचा नाही, हेही त्यांनीच सांगितले. कारण फिल्टरचे खरे काम दिसते त्याहून वेगळे आहे. विष्ठा, पाने, खाण्याचे कण अडवणे हा त्यातला सोपा भाग. अवघड भाग डोळ्यांना न दिसणारा. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. तो पाण्यात पूर्ण विरघळतो. काचेसारख्या नितळ पाण्यातही मासा त्याने मरू शकतो. कोणतेही फडके हा अमोनिया गाळू शकत नाही. त्याला पचवावे लागते, आणि पचवणारे जिवंत असावे लागतात. काही सूक्ष्मजीव त्याचे नायट्राइट करतात, काही त्या नायट्राइटचे नायट्रेट. नायट्रेट पुष्कळ कमी घातक. ते पाणी बदलून काढता येते, वनस्पतीही ते घेतात. चिनी मातीची ती पोकळ कडी म्हणजे या जीवांची बिऱ्हाडे.

या ज्ञानाचा इतिहास वाचताना आपल्या विषयाची आठवण येते. १८५० च्या सुमारास लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवून पाहिली. कुजणाऱ्या पानांनी पाणी बिघडू लागले, तेव्हा त्याने ती खाणाऱ्या गोगलगाई आत सोडल्या, आणि भांडे स्थिरावले. घाण काढून टाकण्याऐवजी घाणीवर जगणारा कोणी आत आणणे, हा विचार तेथे स्पष्ट दिसतो. १८९० च्या आसपास झुरिचमध्ये सर्गेई विनोग्राड्स्की यांनी अमोनियावर जगणारे सूक्ष्मजीव वेगळे करून दाखवले. पुढे पुस्तकांत एक जोडी रूढ झाली : पहिल्या पायरीला नायट्रोसोमोनास, दुसरीला नायट्रोबॅक्टर. १९९८ मध्ये गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्यावर आढळले, की दुसरी पायरी तेथे मुख्यतः नायट्रोस्पायरा हा वेगळाच जीव सांभाळतो. २०१५ मध्ये तर दोन्ही पायऱ्या एकटा करणारा नायट्रोस्पायरा सापडला, आणि तो सापडलेल्या ठिकाणांपैकी एक होते मत्स्यपालनाच्या पाण्याचा फिल्टर. शंभराहून अधिक वर्षे दोघांच्या नावावर असलेले काम एकटाही करू शकतो, हे कळायला गाळणीच उघडून पाहावी लागली. अण्णांनी आयुष्यभर जुनी जोडी शिकवलेली. हे मी वाचून दाखवले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘बरे झाले. अजून काही शिल्लक आहे म्हणायचे.’’

सहा आठवडे दोन्ही फिल्टर एकत्र चालले. दर रविवारी जुना स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळून तो गढूळ रस नव्या डब्याच्या तोंडाशी सोडायचा. नळाच्या पाण्यात पिळायचा नाही. त्यातले क्लोरीन आपल्याला उपकारक असले तरी या बिऱ्हाडकरूंचा जीव घेते. या काळात मी प्रवाहही मोजला. खोक्यावर तासाला चौदाशे लिटर असे छापले होते. पंधरा लिटरची बादली भरायला बासष्ट सेकंद लागले, म्हणजे तासाला आठशे सत्तर. छापील आकडा रिकाम्या डब्याचा असतो. चाळण्या भरल्या की प्रवाह घटतो. टाकीचे पाणी तरीही तासात जवळजवळ चार वेळा फिल्टरमधून जात होते. तेवढे आम्हाला पुरेसे वाटले.

सातव्या आठवड्यात जुना फिल्टर काढला, आणि खरी परीक्षा सुरू झाली. रोज संध्याकाळी परीक्षानळीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर अमोनिया शून्य. हिरव्याकडे झुकला तर धोका. रंग पाहणार मी, निर्णय घेणार अण्णा. पहिले दोन दिवस पिवळा. तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, ‘‘किंचित हिरवट वाटतो.’’

‘‘किंचित म्हणजे? कशासारखा?’’

एकवीस वर्षे मी उपमा अलंकार शिकवतो आहे. उपमेय, उपमान, साधारण धर्म, सादृश्यवाचक शब्द असे फळ्यावर लिहितो, विद्यार्थी वहीत उतरवतात, आणि साम्य थोडे इकडेतिकडे झाले तरी कोणाचे काही बिघडत नाही. येथे चार जीव त्या साम्यावर उभे होते. मी नळी पांढऱ्या कागदापुढे धरली, ट्यूबलाइटखाली नेली, खिडकीशी नेली. शेवटी म्हणालो, ‘‘पिकलेल्या लिंबाला देठापाशी हिरवी झाक राहते ना, तसा.’’

‘‘आज खायला घालू नकोस. दोन बादल्या पाणी बदल.’’

चौथ्या दिवशीही देठच. पाचव्या दिवशी देठ फिकटला. सातव्या दिवशी मी ‘‘पूर्ण पिकलेले लिंबू’’ म्हणालो, तेव्हा अण्णांनी खुर्चीच्या हातावर बोटांनी ताल धरला. त्या आठवड्याइतकी नेमकी उपमा मी वर्गात कधी शोधली होती, असे वाटत नाही.

पण दुसरी अडचण रसायनाच्या तक्त्यात नव्हती. जुन्या फिल्टरमधून पाणी टाकीत पडे तेव्हा एक बारीक अखंड झुळझुळ होई. चौदा वर्षे ती घरात होती आणि म्हणूनच आम्हाला ऐकू येत नसे. कॅनिस्टर निःशब्द, त्याच्या जाहिरातीत हाच गुण ठळक अक्षरांत छापलेला. जुना फिल्टर काढल्याच्या पहिल्याच रात्री दोन वाजता अण्णा अंधारात भिंत चाचपत हॉलमध्ये आले आणि काचेवर तळवा ठेवून उभे राहिले. ‘‘मोटर बंद पडली का रे?’’ दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री तिवईला पाय लागून ते पडता पडता वाचले.

या भीतीला एक मूळ होते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेले. आमच्या घरात पाणी आले नाही, पण पाच दिवस वीज नव्हती आणि नळही कोरडे होते. अण्णांनी माशांचे खाणे थांबवले, सेलवर चालणारा हवेचा पंप लावला आणि ते रात्रभर टाकीजवळ बसून राहिले. बुडबुड्यांचा आवाज मंदावला की सेल बदलायचे. तेव्हा त्यांना दिसत होते. तरी पाचही रात्री अंधारात त्यांनी मासे कानांनीच राखले. आवाज आहे म्हणजे हवा आहे, हवा आहे म्हणजे मासे आहेत. आता दृष्टी गेल्यावर ती अखंड झुळझुळ हीच त्यांची टाकी होती. नव्या फिल्टरने पाणी अधिक चांगले केले होते, आणि अण्णांची टाकी मात्र पुसून टाकली होती.

उपाय साधा निघाला. कॅनिस्टरचे परतीचे पाणी एका आडव्या, भोके पाडलेल्या नळीतून सुटते. ती पाण्याखाली बसवलेली होती; मी ती वर घेतली. चार बोटे वर धरली तेव्हा पाणी भिंतीवर उडाले आणि अण्णा म्हणाले, ‘‘हा धबधबा नको.’’ एक बोट ठेवली तर आवाज विरळ. दीड बोटावर त्यांनी हात वर केला. पृष्ठभाग हलत राहिल्याने पाण्यात प्राणवायू अधिक मिसळतो, हा लाभ वेगळाच. त्या रात्री ते उठले नाहीत.

पुढे आणखी एक गोष्ट घडली. उन्हाळ्यात टाकीतले पाणी उडून पातळी खाली जाते, धारेची पडझड वाढते आणि तिचा स्वर बदलतो. एका सकाळी अण्णा म्हणाले, ‘‘इंचभर उतरलेय पाणी.’’ मी पट्टी लावून पाहिली. इंचाला थोडे कमी. हल्ली टाकीत भर कधी घालायची ते तेच सांगतात, आणि मी सांगितलेला रंग व त्यांनी सांगितलेली पातळी असे दोघांचे मिळून एक निरीक्षण रोज वहीत उतरते.

तीन महिन्यांनी डबा प्रथमच उघडला. जाड स्पंजावर तपकिरी, बुळबुळीत साय धरली होती. अण्णांनी बोटे आत घालून ती चोळली, नाकाशी नेली. कुजका वास नव्हता. कुंडीतली माती उकरल्यासारखा होता. वीज फार वेळ गेली तर बंद डब्यातला प्राणवायू संपून हाच वास कुजका होतो, तेव्हा डबा तसाच सुरू करायचा नाही, हे त्यांनी पुन्हा एकदा सांगितले. मी चाळण्या नळाकडे न्यायला उचलल्या, हे त्यांना कड्यांच्या आवाजावरून कळले असावे.

‘‘बादलीतच विसळ, टाकीच्या पाण्यात. आणि सगळ्या नकोत. अर्ध्या राहू देत.’’

अर्ध्या राहू दिल्या. बादलीतले पाणी अंगणातल्या जास्वंदीला घातले.