काल आणि कळ



सीमाभागातील मराठीविषयी आपण बोलू लागलो की बहुधा शाळा, पाट्या आणि शासकीय कागदपत्रे यांविषयी बोलतो. त्या प्रश्नांचे महत्त्व कमी नाही. परंतु भाषा पुढच्या पिढीकडे जाते ती शेवटी घरातून, आणि घरातली तिची वाट कधी कधी आपणच अडवतो. मी ती एकदा अडवली. त्याची ही हकीकत.

मी धारवाडला राहतो. मुलगी, जावई आणि नातू हुबळीला. अंतर वीसेक किलोमीटरचे. नातू सोळा वर्षांचा. शाळेचे माध्यम इंग्रजी, दुसरी भाषा कन्नड, तिसरी हिंदी. मराठी त्याला कोणी शिकवली नाही. ती घरात ऐकून ऐकूनच आली. बोलतो मात्र अस्खलित, ‘ये की’, ‘बस की’ म्हणत, अगदी आमच्या ढंगाने. लिहिण्याची वेळ आली की भ्रमणध्वनीवर रोमन अक्षरांत लिहितो. त्याचे संदेश वाचताना मला तांदळातले खडे वेचल्यासारखे होई. ‘देवनागरीत लिही’ असे मी वरचेवर बजावीत असे आणि ‘हो अज्जा’ म्हणून तो पुन्हा रोमनमध्येच लिहीत असे.

गेल्या वर्षी माझी थोरली बहीण, आमची आक्का, बेळगावहून त्यांच्याकडे राहायला येणार होती. तिचे वय ऐंशीच्या घरातले. त्यामुळे प्रवासाची काळजी होती. ती निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नातवाचा संदेश आला. आधी आक्काआज्जीचे नाव, मग के, ए, एल ही तीन रोमन अक्षरे, आणि पुढे ‘आली, आता बरी आहे, ये भेटायला’. मी वाचले, ‘काल आली’. प्रवास सुखाचा झाला म्हणून निश्चिंत झालो. दोन दिवसांनी लाईन बाजारातले पेढे घेतले आणि सावकाश बसने हुबळी गाठली.

आक्का अंथरुणावर होती. ती काल आली हे खरेच होते. पण नातवाने लिहिले होते ते ‘कळ आली’. त्या रात्री तिच्या छातीत कळ आली होती. रुग्णालयात एक रात्र काढून ती परतली होती. मुलगी व जावई धावपळीत होते, म्हणून मला कळवण्याचे काम पोराकडे आले होते. घाईत त्याने नावापुढचा ‘ला’ गाळला होता.

“दोन दिवस दाराकडे बघत पडले होते रे,” आक्का एवढेच म्हणाली.

माझी शरम मला सोसवली नाही. तिचा राग झाला आणि तो राग सगळ्यांसमोर नातवावर निघाला. “धड मराठी लिहिता येत नसेल तर लिहूच नकोस!”

त्याने माझे अक्षरशः ऐकले. पुढचे तीन आठवडे त्याचा एकही संदेश आला नाही. ज्या खड्यांचा मला इतका त्रास होता ते गेले, आणि त्यांच्याबरोबर तांदूळही गेले.

त्या दिवसांत मी पुष्कळ विचार केला. दोष लिपीचा होता, यात शंका नाही. रोमन लिपीत ‘ळ’साठी वेगळे अक्षर नाही, ‘काल’, ‘काळ’ आणि ‘कळ’ तिथे एकाच दावणीला बांधले जातात. ‘आचार्याला’ आणि ‘आचाऱ्याला’ यांत गुरू कोण आणि स्वयंपाकी कोण, हेही कळत नाही. आमच्या शहराचेच पाहा. १ नोव्हेंबर २०१४ पासून त्याचे इंग्रजीतले अधिकृत नाव बदलून हुब्बळ्ळी झाले. तरी रोमन पाटीवर ‘ळ’ आलाच नाही, नुसता एल दुप्पट झाला. नातवाच्या हिंदीच्या पुस्तकातही ‘ळ’ नाही. पण त्याच्या जिभेवर तो आहे, घरच्या मराठीमुळे आणि तितकाच कन्नडमुळे! म्हणजे अक्षर त्याच्यापाशी होते. ते कुठे ठेवायचे, हे आम्ही त्याला कधी दाखवले नव्हते.

आक्काला बरे वाटू लागल्यावर मी आमच्या आजोबांच्या पत्रांची पेटी घेऊन हुबळीला गेलो. पत्रे मोडीत आहेत. मला मोडी येत नाही; आक्काला आजोबांनीच शिकवली होती. ती भिंग घेऊन वाचू लागली. नातू लांब बसला होता. हळूहळू तो जवळ सरकला आणि भ्रमणध्वनीवर तिचे वाचन ध्वनिमुद्रित करू लागला.

एका शब्दापाशी आक्का अडली. ‘दिन’ की ‘दीन’? मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद नसतो; लेखणी न उचलता ओळ पुढे जाते, त्यामुळे शब्दही सुटे नसतात. ती पुढचे वाचून म्हणाली, “दिनच. आजोबा स्वतःला दीन म्हणवणाऱ्यांतले नव्हते. माणूस माहीत असला की अक्षर लागतं.”

नातू पटकन म्हणाला, “म्हणजे तुमच्या लिपीतही असा घोळ होता की!”

खोलीत सगळे हसले. मी मात्र थोडा वेळ गप्प होतो. जी अपूर्णता मी आजोबांच्या लेखणीत वारसा म्हणून जपत होतो, तीच नातवाच्या बोटांत मला अडाणीपणा वाटली होती. मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहारात होती. मग ती मागे पडली आणि माझ्यासारखे अनेक नातू आपल्याच आजोबांना वाचू शकेनासे झाले. त्यात आमचा दोष नव्हता. नातवाचाही नाही. पण मला पेटी उघडून वाचून दाखवणारी आक्का होती. त्याला तसा मी मिळालो नव्हतो.

मी त्याची क्षमा मागितली. आजोबाने नातवाची क्षमा मागणे आमच्या घरात रूढ नाही. तोच अधिक अवघडला. मग आमचा करार झाला. तातडीचे असेल ते लिहायचे नाही, फोन करायचा. इतर वेळी त्याने रोज एक ओळ देवनागरीत लिहायची. मी तिच्यातल्या चुका न काढता आधी उत्तर द्यायचे. त्याने माझ्या भ्रमणध्वनीवर मराठी कळफलक बसवून दिला आणि २०१४ पासून मोडीही युनिकोडमध्ये आहे, हे शोधून मला सांगितले. त्यावर मी आता आक्काकडून मोडी शिकतो आहे.

वाचकहो, रोमनमधील मराठी ही मराठीची अंतिम लिपी व्हावी, असे मी म्हणत नाही. ‘ळ’ वाचलाच पाहिजे. पण तो मुलाला गप्प करून वाचणार नाही. चुकीच्या अक्षरांत का होईना, जो मराठीत हाक मारतो आहे, त्याला आधी ओ द्या. अक्षर नंतर सुधारता येते.

परवा घाईत त्याने पुन्हा रोमनमध्येच लिहिले. मात्र ‘कळ’मधला एल मुद्दाम मोठा काढला होता. आक्काची कळ थांबली आहे, असा तो निरोप होता. मी पहिल्या वाचनातच समजलो.